पहारेकऱ्याची जागा

१० जुलै २०१९. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याचा राखीव दिवस. न्यूझीलंडच्या २३९ धावांसमोर भारत ६ बाद ९२. तिथून जडेजा आणि धोनी यांनी डाव सावरला आणि इकडे मोबाइलवर हॉटस्टार उघडणाऱ्यांची संख्या वाढत गेली. एकाच वेळी बघणारे २ कोटी ५३ लाख, हा त्या काळचा विक्रम. मग मार्टिन गप्टिलची थेट फेक यष्ट्यांवर आदळली, धोनी धावबाद झाला आणि काही मिनिटांत ही संख्या दहा लाखांच्या आसपास घसरली.

लोक गेले म्हणजे यंत्रांवरचा ताण गेला, असं आपल्याला वाटेल. घडतं वेगळंच. हिरमुसलेला प्रेक्षक ॲप बंद करत नाही, तो 'मागे'चं बटण दाबतो आणि मुखपृष्ठावर येतो. ते मुखपृष्ठ प्रत्येकासाठी वेगळं जुळवलेलं असतं. अर्धी पाहिलेली मालिका, निवडलेली भाषा, भरलेली वर्गणी, पुढे काय बघाल याची यादी, हे सगळं वेगवेगळ्या सेवांकडून येतं. सामना दाखवणारी सेवा मोकळी होत असतानाच या बाकीच्या सेवांच्या दारात कोट्यवधी मागण्या येऊन उभ्या राहतात. 'गर्दी कमी झाली, सर्व्हर कमी करा' असा आपोआप निर्णय घेणारं यंत्र तिथे बसवलेलं असेल, तर ते नेमक्या वाईट क्षणी हात काढून घेतं. म्हणून हॉटस्टारच्या अभियंत्यांनी सर्व्हर वाढवण्या-घटवण्याचे ठोकताळे स्वतःच बांधले होते, प्रेक्षकसंख्येवर नजर ठेवून आणि गर्दीच्या आधीच पुरेशी यंत्रं उभी करून. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. तोपर्यंत तिथला कारभार कंटेनर आणि कुबरनेटिसवर आलेला होता; ही दोन्ही काय ते पुढे येईलच.

यंदाच्या अंकाचा विषय 'पहारा' असल्याचं संपादकांनी कळवलं. किल्ल्यांचे दरवाजे, ज्वारीच्या रानातला माळा, सरहद्दीवरची चौकी हे विषय इतरांनी घेतले होते. मला त्या माणसांकडे जायचं होतं ज्यांच्या पहाऱ्यावर आपला बँकेचा ओटीपी, रेल्वेचं तिकीट आणि दवाखान्याचा रिपोर्ट अवलंबून आहे. पुण्यात बाणेरला अशी एक कंपनी आहे. प्रयोगशाळांमधले रक्तचाचणीचे अहवाल रुग्णालयांपर्यंत पोचवण्याचं काम तिचं सॉफ्टवेअर करतं. नाव छापू नये या अटीवर त्यांनी मला आपल्यात बसू दिलं.

एका प्रोसेसच्या दोन ओळखी

कंटेनर म्हटलं की जेएनपीटीच्या बंदरातल्या लोखंडी पेट्या डोळ्यांसमोर येतात. या टीमची प्रमुख बार्शीची आहे, पस्तिशीची. तिने पहिल्याच तासात ते चित्र पुसायला लावलं. "सर, पेटी वगैरे काही नसते. दाखवते." तिने लॅपटॉपवर एक कंटेनर सुरू केला आणि त्याच्या आत शिरून चालू कामांची यादी मागितली. यादी मागणारा आदेश सोडला तर एकच ओळ आली. एक प्रोसेस, क्रमांक १. म्हणजे त्या प्रोसेसच्या दृष्टीने या यंत्रावर तिच्याशिवाय कोणी नाही. मग दुसऱ्या खिडकीत, कंटेनरच्या बाहेरून, तिने तीच यादी पुन्हा मागितली. शेकडो ओळी आल्या आणि त्यांत तीच प्रोसेस पाच आकडी क्रमांक घेऊन इतरांसारखीच बसलेली होती.

लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, केलेली ही व्यवस्था आहे. प्रोसेसला काय दिसावं हे नेमस्पेस ठरवतात: कोणत्या फायली, कोणतं नेटवर्क, कोणत्या शेजारी प्रोसेस. तिने किती खावं हे सीग्रुप ठरवतात: किती मेमरी, किती प्रोसेसर. या दोन बंधनांत चालणारी साधी प्रोसेस म्हणजे कंटेनर. आभासी मशीनमध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने सुरू करावी लागते. इथे तसं काही नसतं, म्हणून कंटेनर क्षणात उभा राहतो. पण कर्नेल सगळ्यांचा एकच असतो. त्यात भोक पडलं तर सगळेच उघडे पडतात.

या कल्पनेची मुळं १९७९ च्या युनिक्सपर्यंत जातात. सीग्रुपचं काम गूगलमध्ये पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि २००८ च्या जानेवारीत ते लिनक्सच्या अधिकृत कर्नेलमध्ये आलं. तरीही वापरायला हे सगळं किचकट होतं. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी जेमतेम पाच मिनिटांत डॉकर दाखवलं आणि ते सामान्य प्रोग्रामरच्या हाती आलं. डॉकरने खरी सोय केली ती इमेजची. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्या, सेटिंग्ज हे सगळं थरांथरांनी बांधून एका इमेजमध्ये ठेवायचं आणि ती जशीच्या तशी कुठल्याही यंत्रावर चालवायची. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य त्याआधी प्रत्येक ऑफिसात रोज ऐकू यायचं.

अडचण राहिली ती नावांची. इमेजला 'लेटेस्ट' असं नाव देण्याची सवय फार पसरलेली आहे आणि बाणेरच्या टीमचा तिच्यावर विशेष राग आहे. आज 'लेटेस्ट' म्हणजे एक इमेज, उद्या त्याच नावाखाली दुसरी. रात्री एखादं यंत्र बंद पडून कंटेनर दुसऱ्या यंत्रावर उठला की तिथे नवीच आवृत्ती चालू होते आणि कोणी काहीच बदललेलं नसताना वागणं बदलतं. म्हणून इथे प्रत्येक इमेज तिच्या मजकुरावरून काढलेल्या लांबलचक सांकेतिक आकड्याने ओळखली जाते. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो.

हवं ते लिहून ठेवा

एका यंत्रावर चार कंटेनर चालवायला माणूस पुरतो. शंभर यंत्रांवर दोन हजार कंटेनर चालवायला कुबरनेटिससारखं सॉफ्टवेअर लागतं. गूगलच्या आत याच कामासाठी बोर्ग नावाची व्यवस्था वर्षानुवर्षं चालत होती. त्या अनुभवातून हे सॉफ्टवेअर २०१४ मध्ये जगासाठी खुलं झालं.

त्याचं चालणं मला शेवटी एका फायलीवरून समजलं. फायलीत हुकूम नव्हते. 'अमुक सुरू कर, मग तमुक थांबव' असं काहीही नव्हतं. 'अहवाल पोचवणाऱ्या सेवेच्या सहा प्रती असाव्यात, प्रत्येकीला इतकी मेमरी, ही इमेज' एवढंच लिहिलेलं होतं. ही अपेक्षित स्थिती एटसीडी नावाच्या कोठारात साठते. मग कुबरनेटिसमधले वेगवेगळे नियंत्रक सतत तुलना करत राहतात: कागदावर सहा, प्रत्यक्षात पाच, तर एक उठव. प्रत्यक्षात सात, तर एक बसव. एटसीडीच्या सहसा तीन किंवा पाच प्रती असतात आणि बहुमत असेपर्यंतच ती नवी नोंद स्वीकारते. पाचांपैकी दोन गेल्या तरी कारभार चालतो. तिसरी गेली की लिहिणं थांबतं. चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिणं बरं, हा त्यामागचा विचार.

एका दुपारी मी नवी आवृत्ती चढवताना पाहिली. गुरुवार होता. शुक्रवारी डिप्लॉय करायचं नाही हा इथला अलिखित नियम आहे. नव्या आवृत्तीचा एक कंटेनर उठला. तो उठला म्हणून लगेच त्याच्याकडे रुग्णालयांची कामं जात नाहीत. कुबरनेटिस त्याला थोड्या थोड्या वेळाने विचारत राहतं: डेटाबेसशी बोलणं झालं का? तयार आहेस का? होकार आला की मगच त्याच्याकडे कामं वळतात आणि जुन्यांपैकी एकाला थांबण्याची सूचना जाते. हातातलं काम आवरायला जुन्याला साधारणपणे तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात आवरलं नाही तर कुबरनेटिस त्याला मारून टाकतं. बार्शीच्या ताईंनी पूर्वी इथेच एक खोट शोधली होती. थांबण्याची सूचना आली की त्यांचा प्रोग्राम तडक बंद व्हायचा आणि पाठवत असलेला अहवाल अर्धवट राहायचा. आता तो सूचना ऐकतो, नवं काम घ्यायचं थांबतो, हातातलं पुरं करतो आणि मग जातो.

हे सगळं कागदावर असेल तरच चालतं. रेडिटच्या बाबतीत १४ मार्च २०२३ ला जे घडलं ते या ऑफिसात नव्या मुलांना गोष्टीसारखं सांगतात. कुबरनेटिस १.२३ वरून १.२४ वर नेण्याचं नेहमीचं काम होतं. काही मिनिटांत अख्खं संकेतस्थळ बसलं आणि ३१४ मिनिटं बसून राहिलं. त्या नव्या आवृत्तीत मुख्य यंत्रांवरची 'मास्टर' ही जुनी खूणचिठ्ठी काढून टाकलेली होती. तिच्या जागी 'कंट्रोल-प्लेन' ही खूण आधीपासून आलेली होती आणि बदल जाहीरही केलेला होता. पण कधीकाळी कोणीतरी नेटवर्कचे रस्ते सांगणारी यंत्रं त्या जुन्या चिठ्ठीवरून निवडायची असं हाताने ठरवून ठेवलं होतं. ती नोंद बाकीच्या फायलींसोबत जपलेली नव्हती. चिठ्ठी गेली, निवड रिकामी झाली, रस्ते नाहीसे झाले. तज्ज्ञ माणसं तासन्‌तास लक्षणांच्या मागे धावत राहिली आणि अखेर जुन्या प्रतीवरून सगळं परत उभं करावं लागलं.

दर पंधरा सेकंदांनी एक प्रश्न

कुबरनेटिसची स्तुती करताना लोक म्हणतात की ते स्वतःला बरं करतं. मला यातच धोका दिसला आणि ताईंचंही मत तेच निघालं. त्यांच्या एका सेवेत मेमरी गळत होती, म्हणजे घेतलेली मेमरी प्रोग्राम परत करत नव्हता. ठरलेली मर्यादा ओलांडली की कर्नेल त्याला मारायचा, कुबरनेटिस लगेच नवा उठवायचं. बाहेर कोणाला पत्ता नाही. "तीन आठवडे हे चाललं होतं," त्या म्हणाल्या. "जुन्या काळी सर्व्हर पडला असता, आरडाओरडा झाला असता आणि दोन दिवसांत दुरुस्त झालं असतं." नोंदीत फक्त १३७ हा आकडा राहतो. १२८ मध्ये मारण्याच्या सूचनेचे ९ मिळवले की तो येतो. तो कोणीतरी वाचायला हवा. कंटेनर वारंवार पडत राहिला तर कुबरनेटिस प्रत्येक वेळी जास्त थांबतं, दहा सेकंद, वीस, चाळीस, असं पाच मिनिटांपर्यंत. पण आठवड्यातून चारदा शांतपणे मरणारा कंटेनर या जाळ्यात सापडत नाही.

तो सापडावा म्हणून प्रोमिथियस आहे. बर्लिनमधल्या साउंडक्लाउड या संगीत कंपनीत २०१२ मध्ये मॅट प्राउड आणि ज्युलियस वोल्झ यांनी ते लिहायला घेतलं. दोघेही गूगलमधून आलेले, तिथली बोर्गमॉन ही देखरेखीची व्यवस्था पाहिलेले. साउंडक्लाउडमध्ये सेवांची शेकडो शकलं झालेली होती आणि जुनी साधनं ठरावीक सर्व्हरांची ठरावीक यादी धरून बसत. कंटेनरांचे पत्ते मात्र तासातासाला बदलतात. प्रोमिथियस यादी ठेवत नाही. तो कुबरनेटिसलाच विचारतो की या क्षणी कोण कोण जिवंत आहे, आणि मग एकेकाच्या दारात जातो.

प्रत्येक सेवा एका ठरलेल्या पत्त्यावर साध्या मजकुराचं पान मांडून ठेवते: आतापर्यंत किती मागण्या आल्या, किती फसल्या, किती मेमरी लागतेय. प्रोमिथियस दर पंधरा सेकंदांनी किंवा ठरवलेल्या अंतराने येऊन ते पान उचलून नेतो. सेवेने स्वतःहून आकडे पाठवायचे नाहीत. सुरुवातीला मला हे उलटं वाटलं. पण सेवेने आकडे पाठवायचे ठरवले तर तिचं मौन म्हणजे काम नाही, की ती मेली आहे, हे कळायला मार्ग नसतो. आपणच विचारायला गेलो आणि उत्तर आलं नाही, तर ते उत्तर न येणं हीच बातमी असते. प्रोमिथियस तिची नोंद करतो: उत्तर दिलं तर १, नाही दिलं तर ०. बाणेरच्या भिंतीवरच्या पडद्यावर ग्राफाना या साधनातून काढलेले रंगीत आलेख असतात. त्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं चित्र म्हणजे या एक-शून्याची साधी पट्टी.

आकड्यांच्या लोभाचीही किंमत असते. एका नव्या मुलाने हौसेने प्रत्येक मोजणीला रुग्णाचा क्रमांक जोडला. प्रोमिथियससाठी प्रत्येक वेगळा क्रमांक म्हणजे वेगळी मालिका. बघता बघता मालिका लाखांच्या घरात गेल्या आणि देखरेख करणारं यंत्रच मेमरीअभावी कोसळलं. शिवाय रुग्णाची ओळख अशा ठिकाणी जाऊन बसली जिथे तिचं काही काम नव्हतं. माझ्या मते ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा गंभीर होती. टीमनेही ती तशीच घेतली आणि साठलेला सगळा डेटा पुसून टाकला.

सरासरीपासून सावध राहायला मला इथेच शिकवलं. 'सरासरी प्रतिसाद २०० मिलिसेकंद' हे ऐकायला छान आहे. पण शंभरात एका डॉक्टरला आठ सेकंद थांबावं लागत असेल तर ते सरासरीत दिसत नाही. म्हणून इथे शंभरातल्या नव्याण्णवाव्याला किती वेळ लागला ते पाहतात. अतिदक्षता विभागात पोटॅशियमचा आकडा कळण्याची वाट बघणारा डॉक्टर बहुधा तिथेच, शेवटच्या एकात असतो. कारण त्याचे अहवाल सगळ्यात मोठे असतात.

रात्री अडीचचा फोन

ऑन-कॉल ही पाळी आठवड्याची असते. त्या आठवड्यात लॅपटॉप सोबत आणि फोन उशाशी. सांगलीकडचा एक तरुण त्या आठवड्यात पाळीवर होता. कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये बायको आणि सहा महिन्यांचं बाळ. त्याने सांगितलं, "बाळ रडलं तर मी उठत नाही, हिला माहिती आहे. पण तो फोनचा आवाज झाला की मी जिन्यात असतो." बाळ झोपलेलं असताना तो जिन्याच्या पायरीवर बसून मांडीवर लॅपटॉप उघडतो. गणपतीत ढोल-ताशांच्या आवाजात फोन ऐकू येणार नाही म्हणून त्याने मनगटावर थरथरणारं घड्याळ घेतलं आहे.

त्याने मला मागच्या वर्षीच्या अलर्टांची नोंद दाखवली. प्रोसेसर ८० टक्क्यांवर गेला, फोन. डिस्क ७० टक्के भरली, फोन. एखादा कंटेनर पुन्हा उठला, फोन. बहुतेकांवर करण्यासारखं काहीच नसायचं. माणूस अर्धवट झोपेत 'पाहिलं' असं बटण दाबायचा आणि पुन्हा झोपायचा. एका रात्री त्याच सवयीने खरा अलर्टही असाच दाबला गेला. सकाळी सोलापूरकडच्या एका रुग्णालयातून फोन आला तेव्हा कळलं.

त्यानंतर टीमने बरेच दिवस घालून सगळे नियम पुन्हा लिहिले. असा पहारा ठेवण्याची कामाची पद्धत गूगलमध्ये २००३ पासून घडत गेली आणि २०१६ मध्ये तिच्यावर पुस्तक आलं. त्यात मागण्यांना लागणारा वेळ, मागण्यांची संख्या, चुका आणि क्षमता किती भरली आहे, या चार गोष्टींवर लक्ष ठेवा असं सांगितलं आहे. बाणेरमध्ये आता फोन फक्त वापरणाऱ्याला त्रास होत असेल तरच वाजतो. आतली कारणं दिवसा, चहाच्या वेळी, पडद्यावर पाहतात. त्रासही काही मिनिटं टिकला तरच फोन. एका यंत्रामुळे चाळीस कंटेनर पडले तर चाळीस फोन येत नाहीत, प्रोमिथियसच्या जोडीचा अलर्टमॅनेजर ते एकत्र बांधून एकच पाठवतो. शिवाय महिन्याचा हिशेब मांडलेला आहे. सेवा ९९.९ टक्के वेळ चालू ठेवायचं ठरवलं तर तीस दिवसांत ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा मिळते. ती मिनिटं लवकर संपली तर नवं काही चढवायचं थांबवतात आणि सगळे दुरुस्तीला लागतात. या हिशेबात माणसाची झोपही मोजावी असं मला वाटतं. दमलेल्या डोळ्यांचा पहारा रुग्णाच्या काय कामाचा?

नियम कसे वाढतात हे विचारल्यावर सांगलीच्या त्या मुलाने हिरकणीचं नाव घेतलं. आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर ती ज्या कड्यावरून उतरली तिथे पहारा नव्हता, कारण तिथून कोणी उतरू शकेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. नंतर तिथे बुरूज बांधला गेला. "आमच्या प्रत्येक अलर्टखाली अशी एक हिरकणी असते," तो म्हणाला. त्यांच्या फायलीत खरोखरच प्रत्येक नियमासोबत तो कोणत्या रात्रीनंतर आला आणि फोन वाजल्यावर काय करायचं ते मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलेलं आहे.

त्र्याहत्तर तास

हे सगळं पाहूनही मला एक प्रश्न सतावत होता. पहारेकरी स्वतः कशावर उभा असतो? प्रोमिथियसही कंटेनरातच चालतो, त्याच कुबरनेटिसवर, त्याच नेटवर्कवर.

हाच प्रश्न एका खेळाला महागात पडला. रोब्लॉक्स हा मुलांचा लोकप्रिय खेळ. २०२१ मध्ये रोज सुमारे पाच कोटी खेळाडू. त्यांची स्वतःची १८ हजारांहून अधिक यंत्रं आणि १ लाख ७० हजार कंटेनर होते. कोणती सेवा कुठे आहे हे सांगायला हॅशिकॉर्प या कंपनीचं कॉन्सुल वापरत. २८ ऑक्टोबरला दुपारी कॉन्सुल मंदावलं आणि खेळ बंद पडला. तो परत सुरू झाला ३१ तारखेच्या संध्याकाळी, ७३ तासांनी.

त्या तासांचं वर्णन कंपनीने स्वतः जानेवारी २०२२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलं. आधी हार्डवेअर बिघडलं असेल म्हणून यंत्र बदललं. मग भार जास्त असेल म्हणून ६४ कोअरच्या जागी १२८ कोअरची नवी, दमदार यंत्रं आणली. त्याने परिस्थिती आणखी बिघडली. दोष होता कॉन्सुलच्या नव्या 'स्ट्रीमिंग' सुविधेत. ती एक दिवस आधीच आणखी एका सेवेसाठी चालू केली होती. वाचन आणि लेखन दोन्ही प्रचंड असताना तिच्यात सगळे एकाच अरुंद दारावर खोळंबत, आणि कोअर जितके जास्त तितका खोळंबा मोठा. याखाली आणखी एक दोष होता. कॉन्सुलच्या साठवणीतल्या मोकळ्या पानांची यादी इतकी फुगली होती की १६ किलोबाइटांची किंवा त्याहूनही लहान नोंद लिहायला प्रत्येक वेळी ७.८ मेगाबाइटांची यादी पुन्हा लिहिली जात होती.

इतके हुशार लोक, हॅशिकॉर्पचे अभियंतेही सोबतीला, तरी एवढा वेळ का लागला? कारण कारणाकडे बोट दाखवू शकणारी देखरेखीची साधनंही कॉन्सुलवरच अवलंबून होती. कॉन्सुल आजारी पडलं आणि डोळे मिटले. सगळे अंधारात चाचपडत राहिले. ३० तारखेला स्ट्रीमिंग बंद केल्यावर कॉन्सुल लगेच ताळ्यावर आलं. पुढचा दिवस खेळाडूंना थोडे थोडे करून आत घेण्यात गेला, नाहीतर एकदम आलेल्या गर्दीने सगळं पुन्हा बसलं असतं.

ओपनएआयच्या बाबतीत ११ डिसेंबर २०२४ ला याच्या पुढची पायरी घडली. तिथे देखरेख आंधळी झाली नाही, तिनेच घर पाडलं. कुबरनेटिसच्या कारभाराचे अधिक तपशील दिसावेत म्हणून त्यांनी नवी मोजणी-सेवा चढवली. ती प्रत्येक यंत्रावर बसली आणि प्रत्येक यंत्र कुबरनेटिसच्या मुख्य दाराशी जाऊन जड जड चौकशा करू लागलं. लहान चाचणी-व्यवस्थेत हे दिसलं नव्हतं. हजारो यंत्रांच्या क्लस्टरमध्ये मुख्य दारच गुदमरलं. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस सेवा त्याच दारावर अवलंबून होती, पण जुने पत्ते काही काळ स्मरणात असल्याने बिघाड लगेच बाहेर आला नाही आणि तोवर नवी मोजणी-सेवा सगळीकडे पसरली होती. ती काढायची तर कुबरनेटिसलाच सांगावं लागतं आणि कुबरनेटिस तर ऐकायच्या स्थितीत नव्हतं. चार तासांहून अधिक काळ चॅटजीपीटी चालवणाऱ्या ओपनएआयच्या सेवा विस्कळीत किंवा बंद राहिल्या.

या दोन्ही घटना वाचून माझं मत पक्कं झालं. देखरेख हे बांधकाम झाल्यावर वरून चढवायचं रंगकाम नाही. जिच्यावर नजर ठेवायची त्या व्यवस्थेच्या खांद्यावर बसून तिचा पहारा करता येत नाही, आणि पहाऱ्याचं स्वतःचं वजनही आधी तोलून पाहावं लागतं.

ऐरोलीच्या रस्त्यावर

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे असं गेलं की एकेकाळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. ही डेटा सेंटरं. मागच्या बाजूला डिझेल जनरेटरांची रांग, छतावर थंड करणारी यंत्रं. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, म्हणून हा भाग त्यांना सोयीचा. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आपलं 'सेंट्रल इंडिया' केंद्र पुण्यात सुरू केलं, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, गूगलनेही २०१७ मध्ये मुंबईत. 'क्लाउड' या शब्दाने जे धूसर वाटतं ते इथे काँक्रीट, तांबं आणि डिझेल आहे. रक्ताचे ते अहवाल अशाच एका केंद्रात साठतात.

२०२५ च्या नरक चतुर्दशीला, २० ऑक्टोबरला, आपल्याकडे दुपारचे बारा वाजून गेले असताना ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेस-सेवेचा पत्ता डीएनएसमधून नाहीसा झाला. पत्ते अद्ययावत ठेवणारी दोन स्वयंचलित यंत्रं एकमेकांच्या पायात आली. एकाने जुनी योजना लावली, दुसऱ्याने जुनी म्हणून ती पुसली आणि नोंद रिकामी राहिली. जगभरच्या असंख्य सेवा त्या दिवशी अडखळल्या. बाणेरच्या टीमचं काहीही व्हर्जिनियात नव्हतं, अशी त्यांची समजूत होती. पण फोन वाजवून देणारी त्यांची बाहेरची सेवा त्या दुपारी रखडली. अहवाल सुरळीत जात होते, म्हणून नुकसान झालं नाही. फराळाची ताटं तशीच ठेवून तिघंजण दुपारभर डोळ्यांनी पडदा बघत बसले.

आता त्यांनी दोन गोष्टी केल्या आहेत. एक, मुख्य क्लस्टरच्या पूर्ण बाहेर, वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या शहरातल्या केंद्रात, एक छोटं यंत्र ठेवलं आहे. त्यावर कुबरनेटिस नाही, कंटेनरसुद्धा नाही. ते दर मिनिटाला एखाद्या रुग्णालयासारखं दार ठोठावतं आणि एक खोटा अहवाल मागून बघतं. दोन, मुख्य प्रोमिथियसमध्ये कायम पेटलेला एक अलर्ट आहे. तो सतत त्या बाहेरच्या यंत्राकडे जात राहतो. तो पोचायचा थांबला म्हणजे पहारेकरीच पडला, आणि मग बाहेरचं यंत्र दुसऱ्याच मार्गाने, साध्या दूरध्वनीवरून, माणसाला उठवतं.

मी होतो त्या आठवड्यात त्यांनी याची तालीम घेतली. कोणालाही न सांगता ताईंनी भर दुपारी मुख्य प्रोमिथियस बंद केला आणि घड्याळ लावलं. पडद्यावरचे आलेख थबकले. तिकडे रुग्णालयांची कामं नेहमीसारखी चालू होती. काही मिनिटांनी सांगलीच्या मुलाचा फोन वाजला, तो जेवणाच्या टेबलावरून धावत आला आणि फलकावर लिहिलेल्या पायऱ्यांप्रमाणे कामाला लागला. पायरी तिसरी अडली. तिथे लागणारा पासवर्ड ज्या तिजोरी-सॉफ्टवेअरमध्ये होता, ते त्याच क्लस्टरमध्ये चालत होतं. आज ते चालू होतं म्हणून निभावलं. मग त्यांनी मुद्दाम पहिल्या माणसाला फोन न उचलायला सांगून पुढचे नंबर लागतात का ते पाहिलं. दुसरा लागला. तिसरा नंबर कंपनी सोडून हैदराबादला गेलेल्या एकाचा निघाला. त्याने फोन उचलला आणि आपुलकीने विचारलं, "काय रे, काय पडलं?"

ताईंनी त्याच बैठकीत दोन कामं लिहून घेतली. नंबरांची यादी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तपासायची, आणि पासवर्डाची एक प्रत छापून, पाकिटात बंद करून, हिशेब खात्याच्या लोखंडी कपाटात ठेवायची. यादीची पहिली तपासणी आणि पाकीट, दोन्ही त्या दिवशी सहाच्या आत झालं होतं.